पाच जीव, अर्धा तास

"ताई, सप्रेम नमस्कार. मी ४४ वर्षांची. राजारामपुरीत एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते, राहायला कळंब्यात. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, एक आठवडा आड सेकंड शिफ्ट असते. मुलगी अकरावीला. सासूबाई अंथरुणाला खिळून वर्ष झालं. श्रावणात ऑफिसातल्या एकीनं मोबाइलवर फळं जुळवायचा खेळ घालून दिला. केएमटी बसची वाट बघताना खेळावा म्हणून घेतला होता, आता बाराशेच्या वरच्या लेव्हलला आहे. पाच जीव संपले की अर्ध्या तासानं एक मिळतो. तो वाया जाऊ नये म्हणून रात्री बारा-साडेबारापर्यंत जागते. लेव्हल अडकली की कधी ८९ रुपये, कधी १७९, एकदा ४४९. गणपतीपासून आत्तापर्यंत ३,०३८ रुपये गेले, मेसेज बघून मीच बेरीज केली. घरात कुणालाच माहीत नाही. या महिन्याची भिशी मैत्रिणीकडनं उसने घेऊन भरली. मिस्टर नुसतं खेळताना बघून म्हणतात, सरकारनं ऑनलाइन जुगार बंद केला तरी तुझं चालूच. मुलगी म्हणते, आई, तुझा मेंदू सडणार. दोनदा डिलीट केला, दोन दिवसांत परत घेतला. मला खेळ आवडतो, ताई. पण लय लाज वाटते. काय करू?"
— एक वाचक, कळंबा, कोल्हापूर

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात पैसे आहेत, जागरण आहे, लाज आहे. पण मी वाचताना थांबले ते "मला खेळ आवडतो" या तीन शब्दांवर. हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. ते झाकून नुसतं "यातनं सोडवा" असं लिहिलं असतंत, तर मीही नुसतं "काढून टाका" असं उत्तर दिलं असतं आणि तुम्ही तिसऱ्यांदा डिलीट करून तिसऱ्यांदा परत घेतला असता.

तुमचा दिवस मी पत्रावरनं मनाशी जुळवून बघितला. सकाळी डबे, सासूबाईंचं सगळं अंथरुणातलं, मग स्टॉपवर उभं राहणं. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या, आणि संध्याकाळी कॅश जुळली नाही तर फरक आपल्या खिशातनं भरायचा. घरी आलं की परत तेच सकाळचं चक्र. या दिवसात ज्याच्याकडे कुणी काही मागत नाही, ज्यात चुकलं तर कुणाचं नुकसान होत नाही, असं काय आहे? स्टॉपवरची ती दहा मिनिटं. लाल शेजारी लाल, हिरव्या शेजारी हिरवं. त्या दहा मिनिटांबद्दल लाज बाळगायचं काहीही कारण नाही, आणि ती सोडा असं मी सांगणार नाही.

वाट बघणाऱ्या माणसाला खेळ लागतोच. महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांच्या आणि किल्ल्यांच्या दगडी फरशांवर खेळांचे पट कोरलेले सापडतात. पहाऱ्यावर बसलेला शिपाई असो की देवळात टेकलेला वाटसरू, त्यांच्याकडे तुमच्यासारखाच थोडा मोकळा वेळ होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा शाहूपुरीत नात्यातल्या एका घरी वरच्या मजल्यावर आम्ही अकरा माणसं अडकलो होतो. लाइट नाही, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोन बंद. तिथल्या आजींनी खडूनं फरशीवर नवकंकरीचा पट काढला. एकात एक तीन चौकोन, एकाकडे नऊ चिंचोके, दुसऱ्याकडे नऊ खडे. तीन एका रेषेत आले की समोरच्याची एक सोंगटी उचलायची. त्या दिवसांत आम्ही किती डाव खेळलो असू, हिशेब नाही. पण प्रत्येक डाव संपायचा. समोरच्याकडे दोनच सोंगट्या उरल्या की संपला. मग कुणीतरी उठून पाणी किती चढलं ते बघून यायचं, कुणी भात टाकायचं. परत वाटलं तर नवा डाव. त्या पटानं आम्हाला धरून ठेवलं, पण अडकवून ठेवलं नाही.

तुमच्या फोनवरचा खेळ मात्र संपत नाही. मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकीचं सगळं याच्याच भोवतीचं.

या जातीच्या खेळांमधला सगळ्यांत नावाजलेला म्हणजे कँडी क्रश सागा. तो २०१२ मध्ये आला. त्यातही पाच जीव आणि अर्ध्या तासाला एक, हीच रीत, आणि नंतरच्या कितीतरी खेळांनी ती उचलली. तुम्ही कॅशियर आहात, तर बेरीज करू. पाच जीव भरायला दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच तास. साडेनऊला तुमचे जीव संपले तर पाचही भरायला बारा वाजतात. तुमचं जागरण कुठनं आलं ते बघा: त्या वेळापत्रकातनं. आणि पाच भरले की सहावा साठत नाही. म्हणून तुम्ही लिहिलंत, "वाया जाऊ नये म्हणून".

हा "वाया" शब्द मला फार लागला. आपल्याला लहानपणापासनं शिकवलंय की ताटातलं वाया घालवू नको, उतू जाणारं दूध वाया घालवू नको. ही संसारी बाईची चांगली सवय आहे, आणि खेळ बनवणाऱ्यांनी नेमकी तिलाच गाठ मारली आहे. डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की माणसाला मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख जास्त टोचतं. पण इथं गमावलं काय? दूध गोठ्यातनं आलं, त्याला पैसे पडले, म्हणून ते उतू गेलं तर नुकसान. तो सहावा जीव कुणी दिला नव्हता, त्याची किंमत नव्हती, तो नसण्यानं तुमच्या घरातला एक वाटीभर तांदूळही कमी झाला नाही.

दुसरी गोष्ट अर्धवट राहण्याची. १९२८ मध्ये मारिया ओव्हसिआंकिना या संशोधक बाईंनी बर्लिनमध्ये साधे प्रयोग केले. माणसांना एखादं छोटं काम द्यायचं आणि मधेच थांबवायचं. कुणी सांगितलं नाही, त्यातनं काही मिळणार नाही, तरी माणसं आपणहून त्या अर्धवट कामाकडे परत जायची. तुम्ही लेव्हल हरता तेव्हा खेळ तुम्हाला काय दाखवतो ते आठवा. "फक्त दोन फळं उरली होती!" आणि त्याखाली लगेच पाच जादा चालींचं बटण. म्हणजे काम अर्धवट ठेवायचं, ते अर्धवट आहे हे डोळ्यांसमोर धरायचं, आणि पुरं करण्याची किंमत सांगायची. तुम्ही तिथं कमजोर पडलात असं नाही. कुणाचंही मन तिकडेच ओढलं जातं, म्हणून तर बटण तिथं आहे.

आणि नशिबाचा भाग किती असतो बघा. वरनं कोणतं फळ पडणार हे तुम्ही ठरवत नाही, खेळ ठरवतो. काही वेळा पट असा येतो की दिलेल्या चालींत तो सुटणं फार अवघड असतं. तुम्ही वीस वेळा हरता, एकविसाव्या वेळी फळं धडाधड जुळत जातात आणि जिंकलो म्हणून ऊर भरून येतो. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदीर आणि कबुतरांवर जे प्रयोग केले, त्यांत बक्षीस दर वेळी ठरावीक मोजणीला न देता कधी चारदा चोच मारल्यावर, कधी चाळीसदा मारल्यावर दिलं, तर पक्षी थांबायचं नाव घेईनात. तुम्ही पक्षी आहात असं मी म्हणत नाहीये. मी म्हणतेय की अडकलेली लेव्हल म्हणजे तुमच्या बुद्धीची परीक्षा नव्हे, आणि तिच्यासाठी ४४९ रुपये देऊन सुटलेली लेव्हल तुमची हुशारीही नव्हे.

शेवटपर्यंत पोचून एकदाचं मोकळं व्हावं, असं तुमच्या मनात असेल, तर तेही सांगते. शेवट नाही. नव्या लेव्हल येत राहतात. कँडी क्रशच्या लेव्हल पंधरा हजारांच्या वर गेल्या आहेत. तुम्ही बाराशेला आहात. तुमचा खेळ वेगळा असला तरी चाल हीच आहे.

आता पैशांकडे येते, कारण तिथं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तरीही तुम्ही फसलात. का फसलात? कारण खेळात रुपये दिसतच नाहीत. नाणी दिसतात, हिरे दिसतात. समजा ८९ रुपयांना शंभर नाणी मिळतात आणि पाच जादा चालींना नव्वद नाणी लागतात. दहा उरतात. दहा नाण्यांचं काहीच येत नाही. ती पडून राहतात आणि खुणावतात, की आणखी शंभर घेतलीत तर हीही उपयोगी पडतील. काउंटरवर एखाद्यानं तुम्हाला असा हिशेब दिला असता तर तुम्ही काचेच्या फटीतनंच परत केला असता.

म्हणून आधी रोजकीर्द लिहा. खरीच वही घ्या. प्ले स्टोअर उघडून उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट टेकवा, तिथं पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये खरेदीचा सगळा इतिहास असतो. तुमच्या बेरजेत वीसेक नोंदी निघाव्यात. प्रत्येकीची तारीख, वेळ, रक्कम, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं, आठवत असेल तर तेही एका शब्दात. मला वाटतं, बहुतेक नोंदी रात्री साडेदहानंतरच्या निघतील. तुम्ही बेरीज केलीत, पण बेरजेत वेळ दिसत नाही. नोंदीत दिसेल.

त्याच ठिकाणी महिन्याचं बजेट ठरवायची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. ती फक्त सूचना देते, पैसे अडवत नाही. अडवायचं असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायचं चालू करा, आणि तो पासवर्ड मुलीला ठेवायला सांगा. तुम्हाला माहीत नको. यूपीआय किंवा कार्ड तिथं जोडून ठेवलं असेल तर काढून टाका. खेळात "आठवड्याचा पास" असं काही घेतलं असेल तर सबस्क्रिप्शनच्या यादीत बघा आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे चालू आहे का तेही बघा, कारण तिथनं गुपचूप जातच राहतं. गेले ते पैसे बहुतेक परत येत नाहीत. खरेदीनंतर ४८ तासांच्या आत परताव्यासाठी गुगलकडे अर्ज करता येतो, त्यामुळे अगदी आज-काल काही घेतलं असेल तर आजच करा. जुन्यासाठी खेळ बनवणाऱ्यांकडेच मागावं लागतं. एक मेल टाकून बघा, पण त्या आशेवर भिशीचा हिशेब मांडू नका.

तुमच्या मिस्टरांच्या बोलण्याबद्दल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो कायदा केला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. तुमच्या खेळात पैसे जिंकायचे नसतातच, त्यामुळे तो त्या बंदीत येत नाही. तुम्ही काही बेकायदा करत नाही आहात, एवढं मनातनं काढून टाका. पण याची दुसरी बाजूही तुम्हीच बघा: जुगारी माणूस निदान परत येतील या खोट्या आशेवर लावतो. इथं परत येण्याचा प्रश्नच नाही. टाकला तो रुपया गेला.

आणि मुलीला सांगा, मेंदू सडत नाही. सांगताना उलटंही खरं नाही हे लक्षात ठेवा. अशा खेळांनी स्मरणशक्ती वाढते, म्हातारपणी विसरभोळेपणा येत नाही, असं जाहिरातीत सांगणाऱ्या लुमोसिटी या ॲपच्या कंपनीला अमेरिकेत २०१६ मध्ये वीस लाख डॉलर भरावे लागले, कारण दाव्यांना पुरेसा आधार नव्हता. खेळ विरंगुळ्यासाठी असतो. तेवढं कारण पुरेसं आहे, त्याला औषधाचं नाव द्यायची गरज नाही.

रात्रीबद्दल मला जास्त बोलायचंय. तुम्ही लिहिलं नाहीत, पण एक आठवडा आड मिस्टरांची सेकंड शिफ्ट असते म्हणजे ते शिरोलीहून घरी यायला बारा वाजत असणार. तुम्ही त्यांची वाट बघत असता. जेवण झाकून ठेवलेलं असतं. पलीकडच्या खोलीत सासूबाईंनी हाक मारली तर ऐकू यावं म्हणून एक कान तिकडे. झोपायचं नाही, मोठं काम काढायचं नाही, टीव्ही लावला तर मुलीचा अभ्यास मोडतो. अशा वेळी हातात काय राहतं? फोन. मी सहज अंदाज बांधतेय, चुकत असेन तर सोडून द्या. पण फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातलं जागरण आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यातलं जागरण रोजकीर्दीत वेगवेगळं लिहून बघा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात मिस्टर घोरत असताना तुम्ही जागत असाल तर ती खेळानं लावलेली सवय. सेकंड शिफ्टच्या आठवड्यातलं जागरण ही तुमच्या संसाराची ड्युटी आहे, आणि खेळ डिलीट केला तरी ती तशीच राहणार. तेव्हा रिकाम्या हातांनी भिंतीकडे बघत बसणं जमणार नाही. म्हणूनच दोन दिवसांत परत घेता तुम्ही.

तर तिसऱ्यांदा रागानं डिलीट करू नका. खेळ काढायचा, पण वेगळ्या तऱ्हेनं. हरल्यावर काढलात की ते अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं. आणि तुमची लेव्हल खात्यात जपून ठेवलेली असते, परत घेतलं की बाराशेवरनंच सुरू, म्हणजे दार उघडंच. एखादा रविवार ठरवा. सकाळी चहा घेऊन बसा, जे जीव असतील त्यांत खेळा, एक पैसा न घालता. एखादी लेव्हल जिंकलात की तिथंच थांबा आणि काढा. जिंकून उठा. त्या दिवशी नाहीच जिंकलात, तर पुढच्या रविवारी. घाई नाही. मधल्या आठवड्यात फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये त्या खेळाला दिवसाची वीस मिनिटं लावून ठेवा. वेळ संपली की खेळाचं चिन्ह करडं पडतं आणि मध्यरात्रीपर्यंत उघडत नाही. ती मर्यादा तुम्ही स्वतः उठवू शकता, त्यामुळे हे काही भक्कम कुलूप नव्हे. कडी आहे. हात कडीवर गेला की निदान कळतं.

मग त्याच्या जागी काय? इथं माझी आवड स्पष्ट सांगते: संपणारा खेळ घ्या. सुडोकू तुम्हाला माहीत असेल. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका कोड्यांच्या मासिकात हॉवर्ड गार्न्स यांनी रचलेलं हे कोडं पहिल्यांदा आलं, १९८४ मध्ये जपानमधल्या निकोली या कोडी छापणाऱ्या प्रकाशनानं ते तिकडे नेलं, आणि २००४ नंतर लंडनच्या पेपरातनं ते जगभर पसरलं. आकडे दिलेले, उत्तर एकच, आणि ते पटावरच दडलेलं. वरनं काही पडत नाही. निदान सतरा आकडे दिल्याशिवाय एकच उत्तर असलेलं सुडोकू होतच नाही, हेही गणित्यांनी २०१२ मध्ये संगणकावर तपासून काढलंय. अडलात तर ते तुमचं आणि कोड्याचं, मधे कुणी दुकान मांडून बसलेलं नाही. सुटलं की पान उलटायचं. काउंटरवर आकड्यांत दिवस जातो म्हणून परत आकडे नको वाटले, तर दुसरं आहे.

सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रॅमरनं २००४ पासून छोट्या कोड्यांचा एक संग्रह बनवत आणलाय. त्यात चाळीसच्या आसपास प्रकार आहेत. पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, नाणी नाहीत, जीव नाहीत, इंटरनेट लागत नाही. प्ले स्टोअरमध्ये इंग्रजीत "सायमन टॅथम्स पझल्स" असं शोधलंत की सापडतो. दिसायला अगदी साधा आहे, फळं फुटत नाहीत, गाणी वाजत नाहीत, पहिल्या दिवशी तुम्हाला तो रुक्ष वाटेल. वाटू द्या. त्यातलं "अनटँगल" उघडा: गुंतलेल्या रेषांच्या टोकांचे ठिपके ओढून एकही रेष दुसरीला छेदणार नाही असं करायचं. गुंता सोडवायला आवडणाऱ्या बाईला ते लगेच आवडेल. "लूपी"त ठिपक्यांमधनं एकच सलग वेढा काढायचा असतो. सुरुंग शोधायचा खेळही आहे, आणि तो अंदाज न लावता, फक्त विचारानं सुटेल असाच पट देतो. कोड्याचा आकार तुम्हीच निवडायचा. पाच मिनिटं असतील तर छोटा पट, वीस असतील तर मोठा. थोड्या वेळात खेळायच्या खेळाचं खरं लक्षण माझ्या मते हे आहे, की वेळ किती द्यायचा ते आपण आधी ठरवतो.

बुद्धिबळ येत असेल तर लीचेस नावाचं ॲप बघा, तेही जाहिरातीविना फुकट चालतं. त्यात "दोन चालींत मात" अशी छोटी कोडी असतात. २०४८ हा आकडे सरकवायचा खेळ पुष्कळ जण सुचवतील. २०१४ मध्ये गॅब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन मुलानं तो दोन-तीन दिवसांत बनवून फुकट देऊन टाकला, त्याचा हेतू चांगलाच होता. तरी तुम्हाला मी तो देणार नाही. २०४८ झालं की पुढे ४०९६ आहे, त्याच्यापुढे आणखी. तुमच्या हाताला सध्या शेवट असलेलं काहीतरी हवंय.

नवा कुठलाही खेळ घेण्याआधी प्ले स्टोअरमध्ये त्याच्या नावाखालचा बारीक मजकूर वाचा. "ॲपमधील खरेदी" असं लिहिलेलं दिसलं तर पुढे जाऊ नका, निदान हे वर्ष तरी.

आता घरातलं. भिशीचे पैसे ज्या मैत्रिणीकडनं घेतलेत तिचे आधी द्या. जमत नसेल तर दोन हप्त्यांत, पण तारीख सांगून. भिशी म्हणजे विश्वासावर चालणारं काम, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि मिस्टरांना सांगा. त्यांना मेसेजवरनं कळण्याआधी, भांडणात तोंडातनं निसटण्याआधी. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, रोजकीर्दीची वही समोर ठेवून. लांबण लावू नका. "अहो, माझ्याकडनं मोबाइलच्या खेळात ३,०३८ रुपये गेलेत. भिशी उसनी घेऊन भरली, ते पैसे अमुक तारखेला देतेय. पैशाची वाट बंद केलीय, पासवर्ड पोरीकडं आहे. तुम्हाला दुसरीकडनं कळायला नको म्हणून मी सांगतेय." एवढंच. ते रागावतील कदाचित. रागावू द्या, दहा मिनिटं ऐकून घ्या. पण रडून, पदर डोळ्याला लावून, पुन्हा कधी फोन हातात घेणार नाही असं वचन देऊ नका. ते पाळलं जाणार नाही, आणि मग लपवणं परत सुरू होईल.

त्याच बैठकीत दुसरी गोष्टही काढा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात त्यांनी रोज संध्याकाळी आठ ते नऊ आपल्या आईपाशी बसावं. औषध, पाणी, गप्पा, जे असेल ते. तो तास तुमचा. कळंबा तलावाकडे चालत जा, मैत्रिणीकडे जा, किंवा दार लावून कोडं सोडवत बसा, कुणाला सांगू नका काय केलंत ते. वर्षभर अंथरुणातल्या माणसाचं करणाऱ्या बाईला दिवसातला एक तास मिळाला तर रात्री बाराला चोरून घ्यावा लागत नाही. हे मागताना आवाज खाली करू नका. पैशाची चूक तुमची आहे, ती तुम्ही कबूल केलीत. तिच्या दंडात हा तास जाऊ देऊ नका.

एवढं करूनही महिनाभरात हात परत पैशाकडे गेला, पासवर्ड मुलीकडनं मागून घ्यावासा वाटला, झोप आली नाही किंवा सारखं उदास वाटायला लागलं, तर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. तिथं फोन करायला वेड लागावं लागत नाही.

रात्री सेकंड शिफ्टची वाट बघताना कागदावरचं कोडं घ्या, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. पेन्सिलीनं सोडवताना सासूबाईंची हाक जास्त स्पष्ट ऐकू येते, हे मी माझ्या आईच्या आजारपणात अनुभवलंय. मुलगी अभ्यासातनं उठली तर तिला एक घर भरायला द्या. ती नाही म्हणेल, आणि मग उभ्या उभ्या दोन भरेल.

सकाळच्या केएमटीसाठी "लूपी"चा सात बाय सातचा पट घ्या. कळंब्याहून राजारामपुरीला पोचेपर्यंत तो सुटतो. दहा बाय दहाचा सुरुवातीला घेऊ नका, स्टॉप चुकेल.